यॉर्क हाऊसची रविवारची पत्रं

संजीवनीबाई कुलथे यांचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्या अक्षरानेच त्यांचा घात केला.

अंबरनाथ पूर्वेला त्यांनी अठरा वर्षं हस्ताक्षराचे वर्ग चालवले. मग पोरांच्या हातात मोबाइल आले, आईबापांना अक्षरापेक्षा कोडिंग महत्त्वाचं वाटू लागलं, आणि शेवटच्या बॅचला दोनच मुलं उरली. त्यातला एक घरमालकाचा नातू. तो यायचा कारण त्याच्या घरी पंखा बिघडला होता. अशात सोनिवलीच्या पुढे नवीन निघालेल्या रॉयल ओकवुड रेसिडेन्शिअल स्कूलमध्ये ‘हाऊस मदर’ हवी असल्याचं कळलं. ओक हे झाड असतं हे बाईंना मुलाखतीच्या दिवशी समजलं. तोवर त्यांच्या लेखी ओक म्हणजे आडनाव.

शाळेचे संस्थापक हेमचंद्र सर आधी उल्हासनगरला चाळीस मशीन टाकून शाळांचे युनिफॉर्म शिवून घ्यायचे. पुढे त्यांच्या मनात आलं, कपडे आपले आहेत तर आत घालायला मुलंही आपलीच असावीत. ते आठ दिवसांच्या टूरवर इंग्लंडला जाऊन आले आणि येताना चार नावं घेऊन आले: विंडसर, केंट, लँकेस्टर आणि यॉर्क. एकाच कंत्राटदाराने एकाच नकाशावर बांधलेल्या चार पिवळ्या इमारतींना ही नावं लागली. यॉर्क हाऊस मुलींचं. तिथल्या आया सगुणाबाई सोनिवलीच्याच. त्या त्याला शेवटपर्यंत ‘याक हाऊस’ म्हणत राहिल्या.

संजीवनीबाईंना पितळी बिल्ला मिळाला, दोन साड्या मिळाल्या आणि चौसष्ट मुली मिळाल्या. साडेपाचला घंटा. मग आठ न्हाणीघरांपुढे बादल्यांची रांग. त्यातल्या तीन दारांच्या कड्या लागत नसत, म्हणून प्रत्येक मुलीची एक मैत्रीण दाराला पाठ लावून उभी. यॉर्क हाऊसमधली मैत्री अशी दारातून सुरू व्हायची. मग वेण्या, नखं, हरवलेले मोजे आणि नव्याने आलेल्या मुलींचं रडणं. रडण्यासाठी शाळेची छापील पद्धत होती: पहिल्या दिवशी दोन बिस्किटं, दुसऱ्या दिवशी समजूत, तिसऱ्या दिवसापासून दुर्लक्ष. चौथ्या दिवसाबद्दल कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. तो बाईंच्या पदराला पुसला जायचा.

पण बाईंचं खरं महत्त्व रविवारी. मुलांनी दर रविवारी घरी पत्र लिहायचं, अशी प्रथा हेमचंद्र सरांनी डोंगरातल्या कुठल्याशा जुन्या शाळेतून उचलली होती. मोबाइलवर बंदी, फोन महिन्यातून एकदा तोही ऑफिसात बसून, त्यामुळे बाहेर जाईल ते पत्रातूनच. पत्र जाण्याआधी ‘भाषेच्या दृष्टीने’ तपासायचं. मराठीतली सगळी पत्रं संजीवनीबाईंकडे आली.

पहिल्याच रविवारी हेमचंद्र सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, आपल्याला व्याकरण सुधारायचं आहे. फक्त व्याकरण. पण बघा, निगेटिव्ह वाक्य म्हणजे अर्धी व्याकरणाचीच चूक, नाही का?”

बाईंना आधी ते कळलं नाही. कळलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण अठरा वर्षांत कुणी त्यांच्याकडे इतकं अवघड काम सोपवलं नव्हतं. त्या लाल पेन घेऊन बसल्या, आणि हळूहळू त्यांना त्यात गोडी लागली. ‘डाळ पातळ असते’ याचं झालं ‘डाळ पचायला हलकी असते’. ‘पाणी येत नाही’ याचं ‘आम्ही पाण्याची बचत शिकतो’. गादीतल्या ढेकणांचं काय करावं यावर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली आणि शेवटी लिहिलं, ‘आम्ही निसर्गाच्या जवळ राहतो’. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून जास्तीचा चहा मागवला.

सुट्टीला घरी गेल्या की नवऱ्याला नमुने वाचून दाखवायच्या. शरदचंद्र ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. ते एकदा पेपर खाली ठेवून म्हणाले, “अगं, आम्ही जन्मभर तोफगोळे केले. पण तुझा माल जास्त लांब जातो.”

“अहो, मुलींची भाषा सुधारते,” बाई म्हणाल्या.

“आणि मुलींचं जेवण?”

“ते भीमाचं खातं आहे.” भीमा म्हणजे शाळेचा आचारी.

सहावीतली अंजनी आली जूनमध्ये. तिचे वडील भगवानशेठ खरवईचे. रस्ता रुंद झाला, जमिनी गेल्या, इमारती आल्या, आणि भगवानशेठ जेसीबींचे मालक झाले. यॉर्क हाऊसच्या गच्चीवरून दुर्बीण लावली असती तर त्यांच्या घरावरची पाण्याची टाकी दिसली असती. पण चुलतभावाचा मुलगा पाचगणीला होता, तेव्हा आपली पोरही बोर्डिंगातच हवी, असा शेठनी हिशेब केला. पाचगणीला पाठवायला आजी तयार नव्हती. म्हणून आठ किलोमीटरवरचं बोर्डिंग.

अंजनीचं पहिलं पत्र दोन ओळींचं होतं. ‘आई, डाळीत डाळ नसते. आजीला सांग मला न्यायला ये.’

बाईंनी तिला समोर बसवलं. “बाळा, असं लिहिलं की आईला किती वाईट वाटेल? आपण छान लिहू या. डाळ हलकी असते, असं लिही.”

अंजनीने लिहिलं. पुढच्या रविवारी परत तेच, त्याच्या पुढच्या रविवारी परत तेच. चार वेळा लाल शाईने भरलेला कागद तिला पुन्हा लिहावा लागला. पाचव्या रविवारी तिने पेनचं टोपण चावत विचारलं, “मॅडम, खोटंच लिहायचंय तर नीट लिहू का?”

बाई दचकल्या. मग म्हणाल्या, “खोटं नाही गं, सकारात्मक. लिही, मनापासून लिही.”

अंजनीने मनापासून लिहिलं. सकाळी तांदळाची गरम भाकरी आणि लोणी. दुपारी सुरमईचा तुकडा हाताच्या पंजाएवढा. बुधवारी कोंबडी, शनिवारी पुरणपोळी, आणि भीमाकाका स्वतः फिरून आग्रह करतात, नको म्हटलं तर रुसतात. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती. संजीवनीबाईंनी पत्र दोनदा वाचलं, कोपऱ्यात चांदणी काढली आणि पाकिटात घातलं. शिक्षिका विद्यार्थिनीला जिंकते तो क्षण असा असतो, असं त्यांना वाटलं. खरं तर तिथे फक्त एका अकरा वर्षांच्या मुलीने त्यांचा नाद सोडला होता.

हे पत्र भगवानशेठनी घरातल्या हळदीच्या कार्यक्रमात माईकवर वाचलं. पाचगणीवाल्या चुलतभावाचा चेहरा उतरला. आजीला मात्र सुरमईबद्दल शंका आली.

मंगळवारी साडेबाराला शाळेच्या फाटकातून दोन मोठ्या गाड्या आत आल्या. त्यातून भगवानशेठ, त्यांची बायको, दोन काका, एक मामा आणि हिरव्या नऊवारीतली आजी अशी माणसं उतरली. वॉचमनने फोन केला, ऑफिसने उचलला नाही, आणि पाहुणे डबे वाजण्याच्या आवाजाकडे सरळ जेवणघरात पोचले.

“नमस्कार मॅडम,” भगवानशेठ हसत म्हणाले. “आमी जेवाला आयलाव. पोरीनं एवढं लिवलंय, म्हटलं बघून तरी येऊ.”

“आज?” संजीवनीबाई म्हणाल्या. “आज मंगळवार आहे.”

“मंगलवारी काय जेवत नाय का पोरी?” आजीने विचारलं.

जेवत होत्या. दुधीची भाजी, सकाळच्या पोळ्या आणि डाळ. आजीने वाढपाचा डाव स्वतः हातात घेतला, पातेल्यात तळापर्यंत बुडवला, वर काढला आणि हळूहळू ओतला. सगळं जेवणघर त्या धारेकडे बघत होतं. धारेतून पलीकडची खिडकी दिसत होती.

“ही डाल हाय,” आजी म्हणाली, “का डालीची आंगोल केलेलं पानी?”

पलीकडच्या टेबलावर मुली फिस्सकन हसल्या. सगुणाबाई स्वतःचा घरचा डबा उघडून बसल्या होत्या; त्यांनी झाकण परत लावलं. भीमा आत जाऊन बटाटे मोजू लागला.

तेवढ्यात हेमचंद्र सर टाय सावरत आले. त्यांनी शेठच्या हातातलं पत्र घेतलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“शेठ, अभिनंदन! तुमच्या मुलीची इमॅजिनेशन काय जबरदस्त आहे. याला क्रिएटिव्ह रायटिंग म्हणतात. आता मुलांनी कल्पनेने लिहिलं तर शाळा काय करणार? थोडं... म्हणजे खोटं बोलायची सवय असते काही मुलांना. घरून आलेली. आम्ही त्यावर काम करू.”

भगवानशेठची मान लाल झाली. सगळ्या नातेवाइकांपुढे, माईकवर वाचलेलं पत्र. ते अंजनीकडे वळले. “खोटारडे! बापाचं नाक कापलंस?” आणि हात उचलला.

अंजनी हलली नाही, रडली नाही. तिने फक्त संजीवनीबाईंकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती. असली असती तर बाईंनी कदाचित ‘शांत व्हा, शांत व्हा’ म्हणून निभावून नेलं असतं. त्या मुलीला बाईंकडून काहीच अपेक्षा नव्हती, आणि ते बाईंना झोंबलं.

“थांबा,” त्या म्हणाल्या.

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि एक फाइल घेऊन आल्या. विद्यार्थ्याचा कागद टाकायचा नाही ही त्यांची जुनी सवय. सगळे कच्चे कागद त्यांनी हाऊसवार, तारीखवार लावून ठेवले होते. त्यातले अंजनीचे चार त्यांनी काढून शेठच्या हातात दिले.

“हे तिने लिहिलं होतं. निळं तिचं. लाल माझं.”

भगवानशेठ सावकाश वाचू लागले. ‘डाळीत डाळ नसते’ वर लाल रेघ. ‘मला न्यायला ये’ वर दोन लाल रेघा आणि समासात सुरेख वळणदार अक्षरात: ‘वाक्य टाळावे.’

“मॅडम, केबिनमध्ये या,” हेमचंद्र सर म्हणाले.

“येते. आधी ह्यांचं वाचून होऊ दे.”

आजीला वाचता येत नव्हतं. पण लेकाचं तोंड तिला वाचता येत होतं. तिने नातीचा हात धरला, “ट्रंक मागून आना रे,” म्हणाली, आणि तिला तशीच, उष्ट्या हाताची, गाडीत नेऊन बसवलं.

आता इथे सत्याचा विजय वगैरे झाला असं वाटेल. भगवानशेठ केबिनमध्ये गेले ते टेबल फोडायच्या तयारीने. बाहेर आले ते हेमचंद्र सरांच्या खांद्यावर हात टाकून. महिन्याभरात शाळेच्या जेवणघराचं कंत्राट त्या दिवशी आलेल्या मामाच्या नावावर झालं आणि शेठ विश्वस्त मंडळात बसले. डाळ दिवाळीपर्यंत घट्ट होती. अंजनी मात्र आजीच्या हट्टाने त्याच शाळेत रोज घरून ये-जा करू लागली, आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना तिच्याभोवती यॉर्क हाऊसमधल्या मुलींची गर्दी होऊ लागली.

संजीवनीबाईंना राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. रविवारची पत्रं बंद झाली. त्याऐवजी छापील कार्डं आली, त्यावर तीन हसरे चेहरे. मुलींनी एकावर खूण करायची. तिन्ही चेहरे सारखेच हसत होते.

बाई चार महिने घरी बसल्या. पहिले काही दिवस आपण फार धाडस केलं असं त्यांना वाटत होतं. मग एके दुपारी त्यांनी उरलेले कागद काढले. फाइल त्यांनी शाळेला परत दिलीच नव्हती. दोनशे अकरा पत्रं होती. त्यांनी त्यातलं लाल सोडून फक्त निळं वाचलं. शरदचंद्र चहा घेऊन आले तर बाई तशाच बसलेल्या. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

“अहो, एकीला पंधरा दिवस कान दुखत होता,” त्या म्हणाल्या. “मी ‘संगीताची आवड लागली’ असं केलं होतं.”

शरदचंद्रांना ह्यावर विनोद सुचला होता. त्यांनी तो केला नाही.

हल्ली बाई बदलापूरला एका छोट्या पाळणाघरात जातात. बारा मुलं, एक खोली. मालकीण कीर्ती तिशीतली आहे, तिने पहिल्याच पालकसभेत बजावलं होतं, “काकू, पालकांशी जरा गोड बोला हं.” त्या सभेला एक आई बँकेतून तशाच धावत आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी विचारलं, “कसा आहे हो आमचा ओंकार?”

कीर्ती मागून डोळ्यांनी खुणावत होती.

“चावतो,” संजीवनीबाई म्हणाल्या.

ओंकारच्या आईने पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बाही वर करून दंड दाखवला.

“घरीपण,” त्या म्हणाल्या. “काय करू सांगा.”