साठ हात जाळी

तळेगाव ढमढेऱ्याच्या स्टँडवर जीपच्या टपावर माझी गादी बांधायची होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, कोपरापासून बोटांपर्यंत हात लावत सुतळी मोजली. "धा हात बास हाय," म्हणाले आणि कापली. गाठ मारल्यावर बोटभरसुद्धा उरली नाही. मी पिंपरीला कंपनीत निघालो होतो.

आता मी तिथं क्वालिटीला आहे. केसाएवढ्या फरकावरून जॉब, म्हणजे मशीनवरून आलेला पार्ट, रिजेक्ट करतो, आणि दीड तासावरच्या गावाला फक्त सणाला जातो.

वस्तीवरच्या मंडळींनो, मेंढरांच्या वाड्याच्या जाळीबद्दल आबांनी तुम्हाला जे सांगितलं, ते खोटं होतं.

उसातला बिबट्या वस्तीपर्यंत यायला लागला तेव्हा आबांचा फोन आला. "वाड्याला तारंची जाळी पायजे. साठ हात भरतंय."

मी दुकानातूनच उलट फोन केला, कारण भाव मीटरवर होता. "आबा, हात हे काय माप झालं? फुटात सांगा की!"

"आरं, हितं टेप कुठं हाय? माझा हात धर."

मी हसलो. मोबाइलवर बघितलं, एक हात म्हणजे दीड फूट. साठ हाताचे नव्वद फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटर. मीटरला एकशे ऐंशी, एकूण चार हजार नऊशे पन्नास. दुकानदार म्हणाला, "साहेब, तीन मीटर जास्तीची घ्या." पाचशे चाळीस रुपये वाचवायला मी ऐटीत म्हणालो, "माप मला शिकवू नका, माझं कामच ते आहे." जाळी टेम्पोत टाकून पाठवली. स्वतः गेलो नाही, रविवारी मॉलला जायचं ठरलं होतं.

जाळी दहा फूट कमी पडली. आबांनी मला कळवलंसुद्धा नाही, तेवढ्या जागेला बाभळीच्या फांद्या लावल्या. आठवड्याभरात बिबट्या तिथूनच शिरला आणि चार मेंढ्या गेल्या.

मी पोचलो तेव्हा तुम्ही सगळे अंगणात होता. आबा मान खाली घालून सांगत होते, "माझंच मोजण्यात चुकलं. आता नजर ऱ्हायली न्हाई." तुम्ही म्हणालात, "व्हय आबा, वय झालं." आणि मी, त्यांचा साहेब झालेला पोरगा, चहा पीत गप्प बसलो. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

तुम्ही गेल्यावर बॅगेतली टेप काढली. "आबा, हात द्या." वीस इंच भरला. साठ हातांचे बरोबर शंभर फूट.

आबांनी टेप उलटसुलट करून बघितली. "कंपनीची हाय व्हय?" एवढंच विचारून ते मेंढरांकडं गेले.

मग मी टेप माझ्या हाताला लावली. तोही वीसच इंच. दुकानात काउंटरवर टेकला होता तो हाच हात. घरचं माप मी अंगावर घेऊन फिरत होतो, आणि मोबाइलवर शोधत होतो.