धुळाजीच्या पाच सळया

धुळाजीनं मोटारीत उताणं पडून दोन्ही पायांनी मागची काच दाबली, तेव्हा ती झेलायला बाहेर त्याची बायको चतुराबाई उभी होती. मी ओसरीच्या खांबाला धरून बघत होते. काच आधी एका कोपऱ्यातून सुटली, मग दुसऱ्या, आणि रबरासकट एकदम चतुराबाईच्या हातांवर आली. ती दोन पावलं मागं गेली, पण काच काही सोडली नाही.

"फुटली असती तर?" मी विचारलं.

"तर आमी दोगं इथूनच गाव सोडून गेलो असतो, वहिनी," धुळाजी आतूनच म्हणाला. "ह्या गाडीची काच आता कुठंच मिळत न्हाई."

"दोगं कावून?" चतुराबाई म्हणाली. "तुमी जावा. मला काच धरता येती."

ती अँबेसिडर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची. सुंदरराव हे त्यांचं नाव कागदोपत्रीच, चौसाळ्यात त्यांना सगळे नानाच म्हणतात. दूध सोसायटी काढली त्या वर्षी त्यांनी हैदराबादेतून ती जुनी मोटार आणली होती. दोन हजार तेराच्या त्या उन्हाळ्यात तिच्या टपाचं आतलं कापड कुजून लोंबायला लागलं होतं. आत बसलेल्या माणसाच्या टोपीला ते लागायचं आणि मानेवर भुसा पडायचा.

आणि धुळाजी म्हणजे आमच्या गावचा कुशनवाला. मेंढपाळाचा पोरगा. बहात्तरच्या दुष्काळात बापाची साठ मेंढरं चाऱ्यावाचून गेली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बीडच्या स्टँडमागं एका कुशनवाल्याकडं झाडलोट करायला लागला आणि मेंढराची कातडी ओळखणारा हात रेक्झिन ओळखायला शिकला. पुढं हायवेच्या कडेला लिंबाखाली पत्र्याची शेड टाकली. चाळीस वर्षं ट्रकच्या, जीपच्या, मोटारसायकलींच्या गाद्या शिवल्या. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. माप घ्यायचं ते विती-बोटांनी, आणि लक्षात ठेवायचं ते गाठी मारून.

त्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायची मोजणी झाली आणि त्याच्या शेडवर तांबड्या रंगाची फुली पडली. पावसाळ्यानंतर शेड जाणार होती. सोसायटीनं स्टँडजवळ आठ गाळे बांधले होते, त्यातले सात देऊन झाले होते. आठव्यासाठी दोन अर्ज होते. एक धुळाजीचा आणि दुसरा सोसायटीतलेच एक संचालक बंकटराव यांच्या पुतण्याचा. त्याला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. सोमवारी सभासदांची सभा होती, तिथं निकाल लागणार होता. गाळा नाही मिळाला तर दिवाळीनंतर नवराबायकोनं कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीत जायचं, हे चतुराबाईनं मला चुलीपुढं बसून सरळ सांगितलं होतं. धुळाजीचं वय अठ्ठावन्न.

नानांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "अर्ज कोण वाचतंय? तू माझ्या मोटारीचा टप करायला घे. सोमवारी सोसायटीच्या दारात उभी करतो. ज्याला शंका हाय त्यानं आत बसून वर बघावं."

म्हणून हा सगळा खटाटोप. दोन दिवस हातात.

ह्या मोटारीच्या टपाला आतून कापड चिकटवलेलं नसतं, टांगलेलं असतं. कापडाच्या पाठीवर आडव्या नळ्या शिवतात, त्यांतून पाच कमानदार सळया घालतात आणि सळयांची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत बसवतात. मग कापड पुढंमागं ताणून कडेनं सोल्युशननं चिकटवायचं. पुढची-मागची कड काचेच्या रबराखाली दाबायची, म्हणून काचा काढाव्या लागतात. पाचही सळया दिसायला एकसारख्या, पण प्रत्येकीची लांबी आणि वाक निराळा. अदलाबदल झाली की कापडाला सुरकुती पडते, नाहीतर ते उसवतं. धुळाजीनं सळया काढताना प्रत्येकीला लोकरीचा काळा धागा बांधला होता. पुढच्या सळईला एक गाठ, तिच्या मागचीला दोन, अशा पाच गाठींपर्यंत. रांगेनं ओसरीत ठेवून शनिवारी संध्याकाळी दोघं घरी गेले. रविवारी सकाळच्या एसटीनं तो सोल्युशन आणायला बीडला गेला. चतुराबाई घरी मशीनवर नळ्या शिवत बसली.

त्या वर्षी आठव्या दिवशी टँकर यायचा. गव्हाचा चीक काढायला पाणी कुठलं? कुरडया नव्हत्याच. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई मुक्ताबाईंनी, निदान दोन पायल्या ज्वारीच्या पापड्या घालायचं ठरवलं होतं. पण शिवारात दाणा नव्हता, त्यामुळं पाखरं अशी चवताळलेली की ओल्या पापडीवरच तुटून पडायची. आत्याबाई गच्चीवर बाज टाकून काठी घेऊन बसल्या आणि तासाभरात हैराण झाल्या. ओसरीत आल्या तर समोर पाच कमानी. बाजेच्या सुंभात खोचल्या, वर लुगडं टाकलं की झालं छप्पर. लुगडं मीच काढून दिलं. आत्याबाईंनी सळया पुसल्या आणि लोकरीचे तंतू पापडीत पडतील म्हणून धागे सोडून चुलीत टाकले. एक कमान भिंतीला अडत होती, तर आमच्या गड्यानं, सिदूनं, ती गुडघ्यावर घेऊन सरळ केली. कुणालाच काही वाटलं नाही. मला तर त्या छपराचं कौतुक वाटलं.

अकराला धुळाजी सोल्युशनचा डबा घेऊन आला. ओसरीत नाना आणि बंकटराव चहा घेत होते.

"सळया कुठं हायत?" धुळाजीनं विचारलं.

सिदूनं गच्चीवरून भारा आणून त्याच्यापुढं ठेवला. धुळाजीनं एकेक सळई हातात घेतली, टोकापर्यंत बोटं फिरवली. मग भारा उलटा केला, पुन्हा तेच केलं. 

"काय झालं?" नाना.

"गाठी न्हाईत."

"कुणी सोडल्या?"

अंगणातून गच्ची दिसते. बाजेवर लुगडं पसरलेलं होतं आणि शेजारी काठी घेऊन आत्याबाई उभ्या होत्या. धुळाजीनं वर बघितलं, मग खाली.

"माज्याच ढिल्या ऱ्हायल्या, नाना. सुटल्या आसतील."

बंकटरावांनी कपबशी खाली ठेवली. "ऐका! पाच सळया सांभाळता येईनात, अन् गाळा सांभाळणार. धुळाजी, मेंढरं बी अशीच हरवलीत का बे?"

नानांची मान धुळाजीकडून वळली; कुणावरचा भरवसा उडाला की ती अशीच वळते, हे मला माहीत आहे. ते उठून आत गेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाई जिन्यावरून माझ्याकडं बघताना दिसल्या, आणि मी गप्प बसले. ही गोष्ट लिहिताना मला सगळ्यात जड जातं ते हेच.

धुळाजीला घाई वेगळीच होती. नवं अस्तर रेक्झिनचं, आणि रेक्झिन उन्हात तापून मऊ असतानाच ताणावं लागतं. गार असताना बसवलं तर पुढच्या उन्हात पुन्हा लोंबतं. म्हणजे जे काय करायचं ते चारच्या आत. आणि सोल्युशन एकदा धरलं की कापड फाटेल पण सुटायचं नाही. दुसरा तुकडाही नव्हता.

नुसत्या सळया तो भोकांत लावून बघायला लागला. पुढची सापडली, मागची सापडली. सरळ झालेली उरली ती चौथी, हेही कळलं. पण दुसरी आणि तिसरी दोन्हीकडं बसत होत्या. तासभर तो मोटारीत उताणा पडून त्या दोघींची अदलाबदल करत होता. पत्रा तापून आत भट्टी झालेली. बाहेर आला तर कोपरापर्यंत घाम.

"जुनं कापड कुठं टाकलं?" चतुराबाईनं अचानक विचारलं. नवं अस्तर डोक्यावर घेऊन ती तेवढ्यातच आली होती.

सिदूनं ते वासराखाली अंथरलं होतं. चतुराबाईनं वासराला ढकलून शेणानं माखलेलं कापड ओढून आणलं, नळ्या उसवल्या आणि नवऱ्यापुढं पसरल्या. पन्नास वर्षांत सळयांचा गंज कापडात उतरला होता. दुसऱ्या नळीतला डाग तिसरीपेक्षा अर्धं बोट लांब होता, म्हणजे दोघींतली लांब ती दुसरी.

"आता कळलं?" ती म्हणाली.

"मला कळलंच आसतं."

"व्हय, दसऱ्यापतोर."

राहिली चौथी. तिचा वाक पुन्हा आणायचा तर कशावर? धुळाजीनं मोटारीच्या टपावर गोधडी टाकली, सळई वर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांनी हळूहळू दाबत राहिला. थोडं दाबायचं, आत जाऊन लावून बघायचं, पुन्हा बाहेर. जास्त वाकली तर सळई पिचण्याची भीती. अकराव्या खेपेला तो आतून "हं" एवढंच म्हणाला. तोवर दोन वाजून गेले होते.

मग हात भराभर चालले. सळया नळ्यांत गेल्या, अस्तर मागून पुढं एकेक सळई करत वर चढलं. चतुराबाई मागची कड ओढून धरायची, धुळाजी पुढची, आणि मधून कडेकडेला सरकत, सोल्युशन लावत, अंगठ्यानं दाबत जायचा. डाव्या दाराच्या वर एक सुरकुती राहिली होती. त्यानं ती कड सोल्युशन धरायच्या आत उचलली, बोटभर ओढली, पुन्हा दाबली. सुरकुती गेली.

शेवटी काचा. पुढची बसली. मागच्या काचेच्या रबराच्या खाचेत त्यानं गोल दोरी फिरवली आणि माझ्याकडं साबणाचं पाणी मागितलं. मी पिण्याच्या घागरीतलं वाटीभर दिलं. चतुराबाईनं बाहेरून तळहातांनी काच रेटायची आणि त्यानं आतून दोरी ओढत रबराची कड आत घ्यायची.

"रेट."

"रेटतेच हाय."

"खालून. कोपऱ्याला नगं. कोपऱ्याला नगं म्हणतो ना!"

दोरी इंचाइंचानं येत होती. शेवटच्या कोपऱ्यात अडकली. धुळाजीनं झटका दिला आणि 'कट्' असा आवाज आला. चतुराबाईनं डोळे मिटले. मीही.

"रबर बसलं," तो म्हणाला. "डोळे उघड, काच तुझ्याच हातात हाय."

आत्याबाई स्वतः दोन तांबे ताक घेऊन खाली आल्या. त्यांच्या हातून धुळाजीनं तांब्या घेतला. तो ताक प्यायला, तांब्या राखेनं घासून ठेवतो म्हणाला, तर आत्याबाईंनी तो त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

सोमवारी सकाळी नाना धोतर-टोपी करून मोटारीपाशी आले, तर मागच्या सीटवर आत्याबाई बसलेल्या. चांगलं लुगडं, हातात पिशवी.

"कुठं?"

"सोसायटीत. माज्या नावावर शेअर हाय का न्हाई?"

शेअर होता. सोसायटी काढताना सभासद भरायला नानांनी आणि गावातल्या सगळ्याच कर्त्यांनी बायकांची नावं घातली होती. सह्यांचं रजिस्टर घरी यायचं, बायका चुलीपाशीच सही किंवा अंगठा करायच्या. एकही बाई सभेला कधी गेलेली नव्हती.

"तिथं तुजं काय काम?"

"सभासदाचं जे आसतंय ते." मग मला हाक मारली, "चल गं, मला पायऱ्या चढवत न्हाईत." गच्चीचा जिना रोज चढणाऱ्या आत्याबाईंचं हे निमित्तच होतं.

सोसायटीच्या दारात सभासद एकेक करून मोटारीत बसून वर बघून आले. कुणी बोटानं टिचकी मारली, कुणी टोपी काढून डोकं टेकवून बघितलं. धुळाजीच्या घरी दुभतं जनावर नाही म्हणून तो सभासद नव्हता. तो आणि चतुराबाई दाराबाहेर उभे होते.

आठव्या गाळ्याचा विषय निघाला तसे बंकटराव उठले. "टप झ्याक केलाय, माझं काय म्हणणं न्हाई. पण बेभरवशाचा माणूस हाय. काल नानांच्या घरी माझ्या डोळ्यांदेखत सळया सरमिसळ करून बसला होता. स्वतःच कबूल झाला. विचारा नानांना."

सगळ्यांनी नानांकडं बघितलं. नाना म्हणाले, "म्हणाला तसं."

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर डोक्यावरून पुढं, आवाज घरातल्यासारखाच.

"गाठी मी सोडल्या. पापड्यांवर लुगडं टाकायला सळया मी नेल्या, आमच्या गड्यानं त्यातली एक सरळ केली, अन् धागे मी चुलीत घातले. त्यानं मला गच्चीवर बघितलं हुतं. तरी बी माजं नाव घेतलं न्हाई. मी बी काल बोलले न्हाई. त्यानं गाळा गमावला आसता तरी माज्या पापड्या वाळल्याच आसत्या."

मागून कुणीतरी हसलं. बंकटराव म्हणाले, "काकू, सभेत घरगुती गोष्टी..."

"तूच काढलीस की रं घरातली गोष्ट."

चेअरमननं धुळाजीच्या बाजूच्यांना हात वर करायला सांगितलं. आत्याबाईंचा हात सगळ्यात आधी वर गेला, कोपरापर्यंत बांगड्या घसरल्या. नाना खाली मान घालून बसले होते. मग त्यांनीही हात वर केला, बायकोकडं न बघता. चौतीस विरुद्ध सत्तावीस.

सेक्रेटरीनं धुळाजीला आत बोलावून रजिस्टर पुढं सरकवलं. त्यानं शाईत अंगठा बुडवला आणि टेकवला. कागदावर नुसता निळा गोळा, एक रेघ नाही. दुसऱ्यांदाही तसंच. सोल्युशनचा पापुद्रा अंगठ्यावर वाळून बसला होता.

"हा काय अंगठा म्हणायचा?" सेक्रेटरी वैतागला. "उद्या कोणी म्हणंल खोटा हाय."

चतुराबाई आत आली. विचारलं कुणालाच नाही. नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि केसातली पिन काढून अंगठ्यावरचा पापुद्रा खरवडायला लागली. सगळी सभा बघत होती. धुळाजी "आगं, आगं" म्हणत होता. तिनं अंगठा फुंकला, पदरानं पुसला आणि स्वतःच शाईच्या डबीत दाबला.

ह्या वेळी रेघा उमटल्या.