उंदरिणीने घर हलवलं

वेचून आणलेल्या कापसाचा वास आला की मला धुळ्याची प्रयोगशाळा आठवते. माझी पीएचडी तिथे एका उंदरिणीवर टांगलेली होती. पिंजऱ्याच्या ज्या भागात विद्युतक्षेत्र सुरू करावं, तिथून उंदीर हलतात, हे माझं म्हणणं.

सत्काराची शाल पांघरूनच आलेले परीक्षक म्हणाले, "हा निव्वळ योगायोग आहे, बाई." आणि त्यांनी स्वतःच, उंदरिणी पिल्लांसह जिथे होती त्या घरट्याच्या बाजूच्या विद्युतक्षेत्राचं बटण दाबलं.

उंदरिणीच्या मिशा थरथरल्या. मग तोंडात कापूस धरून तिने पलीकडे खेपा सुरू केल्या, आणि मऊ अंथरूण झाल्यावर एकेक पिल्लू उचलून नेलं.

"माय वं! बठ्ठं घर उचली लई गयी ही!" परीक्षक अहिराणीत ओरडले. शुद्ध मराठी आणि शाल, दोन्ही गळून पडली होती.

पदवीवर नाव माझं एकटीचं आहे. पण त्या दिवशी जिंकलो आम्ही दोघी.