राक्षसाची दाढ आणि वाघमारे बाई

वाघमारे बाईंसमोर कुणी "असं म्हणतात" अशी सुरुवात केली की त्या तळहात पुढे करायच्या. "कोन म्हनतं? आना त्याला हितं." नांदूरघाटच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. माझा निम्मा तास "असं म्हणतात"वरच चालायचा, त्यामुळे आमचं कधी जमलं नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच असायची. त्या तिच्यावर खुशाल डबा ठेवायच्या.

एका वर्षी मांजरा नदीच्या काठी विहीर खोदताना विटेएवढा जड दगड निघाला. वरच्या बाजूला आडव्या घड्या होत्या. गावाने ती राक्षसाची दाढ ठरवली, शेंदूर फासला आणि देवळाच्या ओट्यावर मांडली. बाई दहावीचा वर्ग घेऊन थेट तिथे गेल्या. ही फार पूर्वीच्या हत्तीची दाढ आहे, तिचा दगड झाला आहे, आणि अशा दगडांतूनच उत्क्रांतीचा पुरावा मिळतो, असं त्यांनी मुलांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष माणसं घेऊन शाळेच्या मैदानात उभे राहिले. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"तुमच्यात देव न्हाई, म्हनून आमच्या देवाला दगड म्हनता का?" मागून कुणीतरी ओरडलं. बाई बौद्ध होत्या. रोख कुठे आहे ते सगळ्यांना कळलं.

"मी तर दगडाला दाढ म्हनले. देव तुमी केलात."

अण्णांनी हात वर करून गलका थांबवला. माणूस हुशार होता. "बरं, हत्तीची म्हना. हत्ती तवा बी हत्ती, आता बी हत्ती. ह्या एका दाढेवरून माकडाचा मानूस झाला म्हनता व्हय?"

"एका दाढेनं काईच सिद्ध व्हत न्हाई," बाई म्हणाल्या.

शिट्ट्या वाजल्या. मी पुढे होऊन पुटपुटलो, "बाई, कबूल कशाला करताय?"

त्या माझ्यावरच उसळल्या. "माज्या बाजूचं हाय म्हनून खोटं बोलू व्हय, सर?" मग गर्दीकडे वळल्या. "जमिनीच्या जुन्या थरातल्या दाढा बघा, घड्या थोड्या. वरच्या थरात बघा, घड्या वाढलेल्या. अशा दाढा जगभर निघाल्यात. त्या वळीनं मांडल्या की बदल दिसतो. मी पोरांना ती वळ शिकवते."

"बदलताना कुनी बघितलं?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या खापरपणज्याला कुनी बघितलंय? फोटू हाय? मग तुमी काय आभाळातून पडलात?"

कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिथेच घात झाला. अण्णांचा चेहरा काळवंडला. "आमच्या वाडवडलांवर जाती? माफी माग!" एका क्षणात 'तुमी'चं 'तू' झालं होतं.

"दाढेची मागू का खापरपणज्याची?"

आठवडाभरात त्यांच्या बदलीचा कागद आला, संस्थेच्या आष्टीच्या शाखेत. शिपाई तो वर्गातच घेऊन गेला. बाईंनी वाचला, पर्समध्ये टाकला आणि अर्धवट राहिलेली आकृती पूर्ण केली. निरोप समारंभ करायचा नाही, असं वरून सांगितलं होतं. स्टँडवर मी एकटाच गेलो.

"बाई, तेवढं एक वाक्य मागे घेतलं असतं तर..."

"सर, तुमी निरोप द्यायला आलाव का अण्णांचा निरोप घिऊन आलाव?"

मी त्यांची पिशवी खाली ठेवली. बस आली. त्या वळूनही न बघता चढल्या. मला राग आला होता, अजूनही थोडा आहे.

मागच्या वर्षी बाई वारल्या, आष्टीतच. तेव्हापासून मला सारखा आठवतो तो त्यांच्या बदलीनंतर आठ-दहा दिवसांत शाळेच्या ऑफिसात आलेला आणि मी उचललेला एक फोन. आष्टीच्या शाखेचे मुख्याध्यापक बोलत होते, आवाज तापलेला.

"ही कसली बाई पाठवलीत तुमी आमच्याकडं? दहावीचा उत्क्रांतीचा धडा भरभर उरकून घ्या म्हनालो, वाद नको म्हनालो, तर भर मीटिंगीत मलाच विचारती, तुमी सोता तो वाचलाय का?"

"मग वाचलाय का तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी फोन कापला.