शेजार लावणारे आबा

दिंडोशीच्या वाटेवरच्या तबेल्यात साठ म्हशी होत्या, आणि कोण कोणाच्या शेजारी उभी राहील हे आबा ठरवत. मालकाच्या मते म्हैस वैरणीवर दूध देते. आबा म्हणत, "वैरण पोटात जाता. दूध शेजारणीवर येता."

आबा मूळचे मालवणकडचे. गिरणी संपात बुडाल्यावर ते तबेल्यात लागले आणि तिथल्याच माळ्यावर बायको नि दोन मुलींसह राहू लागले. काम सुटलं तर माळाही सुटणार, हे कागदावर नव्हतं. म्हणून जास्त पक्कं होतं. मी तेव्हा नुकताच बँकेत चिकटलो होतो. रोज सकाळी किटली घेऊन दुधाला जायचो.

म्हशी दावणीला बांधलेल्या. उठणं, बसणं, खाणं तेवढ्याच जागेत, ते थेट भाकड होईपर्यंत. "पळूक गावणा नाय, फिरूक गावणा नाय," आबा म्हणत, "मगे बाजूक कोण हा, ताच काय ता सुख." नवी म्हैस आली की ते तिला दोन-तीन ठिकाणी बांधून बघत. एकीजवळ ती रवंथ करायची थांबे. दुसरीजवळ थोड्या वेळाने मान पुढे करून चाटून घेई. मग तिथेच तिचा खुंटा.

आबांच्या बायकोला मी काकी म्हणायचो. त्या माळ्यावरून हे बघत असायच्या. तबेल्यात त्यांच्याशी बोलणारी एकही बाई नव्हती.

"म्हशींका शेजारीण शोधतास! माका कोण शोधतलो?"

"तू दूध खंय देतंस?" आबा खालून विचारत. वरून एखादं भांडं आपटे.

पुढे मालकाला तबेल्याच्या शोभेची काळजी वाटू लागली. कोणी बडे पाहुणे भेट देणार होते. मांडव पडला, सनई आली. म्हशी उंचीप्रमाणे ओळीत लावायचा हुकूम सुटला आणि प्रत्येकीसमोर भिंतीवर नंबर रंगवला गेला.

"शेटानू, ह्यो म्हशी असत," आबा म्हणाले. "लग्नाचो ग्रुप फोटो न्हय."

फोटो मात्र निघाला. पाहुण्यांनी गाईच्या माहात्म्यावर अर्धा तास भाषण केलं. समोर साठ म्हशी होत्या. त्या दुपारी निम्म्या म्हशींनी पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशीही तेच. आबांनी जुन्या जागा मागितल्या. पण रंग वाळला होता, फोटोला चौकट लागली होती, आणि चूक झाली असं कबूल करण्याची मालकाला सवय नव्हती. त्याने आबांच्या हातात इंजेक्शन दिलं. ते टोचलं की म्हैस मनात नसतानाही पान्हा सोडते.

"रविवारपर्यंत दूध पहिल्यासारखं काढ. नाहीतर माळा खाली कर."

आबांनी ते खिडकीत ठेवून दिलं. चार दिवस म्हशींच्या पाठी चोळल्या, कासेला कोमट पाणी लावलं, मालवणीत समजूत घातली. दूध वाढेना. शनिवारी मी गेलो तेव्हा काकी माळ्याखाली ट्रंकेत भांडी भरत होत्या, आणि धाकटी विचारत होती, "आये, आपण जातलंव खंय?"

रविवारी ट्रंक परत माळ्यावर होती. आबा तोंड दुसरीकडे फिरवून एकेकीला सुई टोचत पुढे सरकत होते. बादल्या भरत होत्या.

आठवड्याभराने मी म्हटलं, "आबा, मालक आता खुशीत आहेत. जुन्या जागा मागून बघा ना."

"कित्याक?" ते म्हणाले. "दूध येता मां."

मी किटली पुढे केली. दिंडोशी सोडेपर्यंत रोज करत राहिलो.