विंगेतल्या सुमनताई

परवा एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना समोरच्या एका बाईंचे ओठ आवाज न करता हलताना दिसले, आणि मला आमच्या सुमनताई आठवल्या.

आमचं हौशी नाट्यमंडळ होतं. नोकऱ्या सांभाळून आम्ही शाळेच्या हॉलमध्ये तालमी करायचो. दिग्दर्शन माझ्याकडे असे. सुमनताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नटांना विसरलेली वाक्यं विंगेतून हळूच सांगण्याचं काम त्यांनी बारा वर्षं केलं. हातात वही असायची, पण त्या तिच्यात बघत नसत. सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ होती आणि ओठ सतत हलत असायचे.

एका प्रयोगाच्या सकाळी आमच्या नायिकेला ताप भरला. मी दुपारपर्यंत ओळखीच्या सगळ्या नट्यांना फोन केले आणि शेवटी प्रयोग रद्द केला. सुमनताई शेजारीच बसल्या होत्या. नायिकेची साडी इस्त्री करून त्यांनी मांडीवर धरली होती. मला वाटलं, ती कुणाकडे द्यायची म्हणून थांबल्यात.

पुढे मंडळ बंद पडलं. त्या निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा धीर करून विचारलं, "ताई, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मागून का मिळते भूमिका?" त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडे बघाल, असं वाटलं होतं."

रंगमंचावर समोरच्या माणसाकडे नीट बघा, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना शिकवत होतो.