एकट्याची शिकारगाडी

देवानं माणसाला दोन हात दिले ते दुसऱ्या माणसाची गरज पडू नये म्हणूनच, अशी पक्की समजूत करून घेऊन अख्खं आयुष्य काढलेला माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. थोरला साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. मी लोहाऱ्याला मास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस. त्यांचं शेत सास्तूरच्या अलीकडं, मोटारसायकलनं पाऊण तासाच्या आत. हा रस्ता मी तीस वर्षं तुडवतो आहे आणि खरं सांगायचं तर आता थकलो आहे. काम करून थकलो असतो तर तक्रार नव्हती. मी बघून थकलो आहे. दाजींनी काही नवं केलं की फोन येणार, "पाव्हणं, येऊन बघून जावा." गेल्यावर मी सवयीनं एखादा पाना उचलून पुढं केला की लगेच हात आडवा, "ऱ्हाऊ द्या, तुम्ही बघा फक्त." तीस वर्षांत त्यांनी मला साधा खिळासुद्धा धरू दिला नाही.

भूकंपानंतर मिळालेलं पत्र्याचं शेड हा त्यांचा कारखाना. एकट्या माणसाला जे जे अडतं ते ते त्या शेडमध्ये सुटलेलं आहे. स्वतःच्या पाठीला बाम लावायची चिंध्या गुंडाळलेली काठी तिथं आहे. ज्वारीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेता यावं म्हणून छातीएवढ्या उंचीवर ठोकलेली उतरती फळी आहे. बाज एकट्यानं अंगणात नेता यावी म्हणून तिच्या दोन पायांना चाकं आहेत. त्या बाजेवर मी एकदा दुपारी आडवा झालो आणि जाग आली तेव्हा गोठ्यात होतो. चादरीची घडी घालताना दुसरं टोक धरायला भिंतीत दोन खुंट्या आहेत, आणि ते टोक धरायला अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, दोन हातांच्या अंतरावर उभी असली तरी दाजी खुंट्याच वापरणार. अक्का एकदा माझ्यादेखत म्हणाली, "लग्न तेवढं ह्यांना एकट्याला करता येईना, न्हाय तर मला तरी कशाला आणलं असतं?" आम्ही हसलो. दाजी हसले नाहीत. ते बराच वेळ विचारात पडले होते.

हे सगळं मी सोसलं. पण चार वर्षांपूर्वी त्यांनी कुठल्याशा लिलावातून एक छोटी जुनी जीप आणली. चारी चाकं ओढणारी, नांगरटीत घातली तरी न रुतणारी. "कशाला?" मी विचारलं. "हरणाच्या शिकारीला," ते म्हणाले, "एकट्यानं." आमच्याकडं काळविटालाही हरीणच म्हणतात, आणि त्यांचे कळप दरसाल दाजींचा हरभरा खाऊन जातात हे मला ठाऊक होतं, तरी मी हात जोडले. म्हटलं, "दाजी, बंदी आहे. आत जाल." ते शांतपणे म्हणाले, "मारायलंय कोण? मी गाडी करायलोय." बंदी नव्हती त्या काळात दाजींचे वडील गावातल्या पाचजणांबरोबर हरणामागं जायचे आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचे. सहाजण गेले की एकजण खोकतोच, आणि तो खोकला की हरीण गेलं, हे वडिलांचं म्हणणं दाजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्या गाडीत खोकायला दुसरा माणूसच नाही अशी गाडी त्यांना करून दाखवायची होती. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण दाजींच्या हिशेबी ते काम अजून शिल्लक होतं.

वर्षभर ते काम चाललं आणि वर्षभर मी बघत होतो. टप काढला. सगळ्या सीटा काढल्या आणि एका सलूनवाल्यानं टाकून दिलेली फिरती खुर्ची आणून आपल्या उंचीच्या मापानं स्टिअरिंगमागं बसवली, कारण शिकाऱ्याला चारी दिशांना फिरता आलं पाहिजे. गाव विचारायचं, "दाढी का कटिंग?" दाजींचं लक्ष नसे. वाळलेल्या कडब्याचा रंग द्यायचा म्हणून हातात कडब्याचं एक धाट धरून महिनाभर रंग कालवला. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून फिरवायचा दिवा केला. आवाज होऊ नये म्हणून सायलेन्सरला ओलं पोतं गुंडाळलं; ते वाळलं, पेटलं, मग पुन्हा ओलं केलं. शिकारीच्या गाडीला हॉर्न कशाला, म्हणून तो काढून टाकला, आणि त्यामुळं लोहाऱ्याच्या बाजारात ते "सरका ओ, सरका!" असं ओरडत शिरायचे. उजव्या हाताशी घोंगडीचं अस्तर लावलेली बंदुकीची जागा केली. बंदूक नव्हती, म्हणून तिथं छत्री ठेवली. मागं हरीण ठेवायला कडा वळवलेला लांब पत्रा, आणि तो हरणासकट एकट्यानं उचलता यावा म्हणून लोखंडी हात आणि त्याला साखळीची पुली.

गाडी पुरी झाल्यावर तिनं करायचं काय, तर हरभऱ्यातली हरणं हाकलायची. इथं एक बारीकशी अडचण आली. हरणांना कळू नये अशी गाडी हरणं हाकलायला काय कामाची? दाजी आवाज न करता कळपाच्या मधोमध जाऊन पोचायचे, हरणं मान वर करून त्यांच्याकडं बघायची आणि पुन्हा खाली घालायची. मग दाजी खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवायचे. टाळीला दोन हात लागतात आणि स्टिअरिंगलाही लागतात, हे देवाच्या हिशेबात बसलेलं नव्हतं. गाडी दोनदा तुरीत गेली. ती बघायलाही मला बोलावलं होतं.

मग कुणीतरी तक्रार केली आणि वनरक्षक आला. नेमका मी तिथं होतो. आपलं काम कुणी बारकाईनं बघतंय म्हटल्यावर दाजींना असा आनंद झाला की मी मागून दोनदा खोकलो तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

"हे काय?"

"बंदूक ठेवायची जागा."

"बंदूक कुठाय?"

"न्हाय. छत्री हाय."

"आणि हा पत्रा?"

"हरीण ठेवायला."

"हे भोक?"

"रगत गळून जाया. न्हाय तर पत्रा गंजतो."

वनरक्षकानं वही काढली. "आजवर किती मारली?"

दाजी खरोखर दुखावले. "एक बी न्हाय! बंदी हाय की. तुमाला ठाव न्हाय व्हय?"

"मग हे सगळं कशापायी केलं?"

"अर्धवट काम आपल्याला जमत न्हाय," दाजी म्हणाले.

वनरक्षकानं माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर पोरांचे पालक माझ्याकडं जसे बघायचे तसं. शेवटी या गाडीतून शिकार होणार नाही, झाली तर जबाबदार मी, असं मी लिहून दिलं आणि गाडी वाचली. दाजी म्हणाले, "तुमच्या सहीची काय गरज नव्हती." मी मोटारसायकलला किक मारली आणि सरळ घरी आलो. त्या दिवशी मात्र मला त्यांचा मनापासून राग आला होता.

पुढं बरेच दिवस मी गेलो नाही. मग अक्काच आमच्याकडं आली आणि चहा पिता पिता मी तिला म्हणालो, की हा माणूस दुसऱ्याला जवळ का येऊ देत नाही? "भूकंपात मामंजी माळवदाखाली होते," ती म्हणाली. मामंजी म्हणजे तिचे सासरे, दाजींचे वडील. "बोलत व्हते आतनं. ह्यांनी लई हाका मारल्या. पण कोण येणार? जो तो आपलंच घर उकरत व्हता. कुणाची चूक न्हाय. ह्यांनी एकट्यानं उकरलं दुपारपस्तोर, दोन हातांनी. हात लागला तवर आवाज थांबला व्हता." तिनं कप खाली ठेवला. "तवापासनं हाक मारायची सोडली ह्यांनी." तीस वर्षं मी ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो त्याचं मला त्या दिवशी हसू येईना.

हरभरा घाट्यांवर आला होता तेव्हाची गोष्ट. जेवून मी आडवा होत होतो, इतक्यात फोन वाजला. "पाव्हणं, हरीण पडलंय हिरीत."

पुन्हा बघायचं, या विचारानंच मला शीण आला. म्हटलं, "येतो संध्याकाळी बघायला."

मी फोन ठेवायला गेलो.

"बघायला न्हाय," दाजी म्हणाले. "या. मला एकट्याला जमंना."

मी चपला घातल्या का अनवाणी निघालो ते आता आठवत नाही. पोचलो तेव्हा जीप विहिरीच्या काठावर मागं लावलेली, पत्रा साखळीला लोंबत होता, आणि खाली छातीएवढ्या पाण्यात एक मादी दगडाला अंग घासत उभी होती. वनरक्षकाला फोन झाला होता. तो तुळजापूरकडं होता, यायला दोन तास लागणार होते, जपून काढा म्हणाला होता. एवढी पूर्ण गाडी, पण दाजींचा हिशेब मेलेल्या हरणाचा होता. जितं हरीण पत्र्यावर घालायला खाली एक माणूस लागतो आणि साखळी ओढायला वर एक. दाजी पायऱ्यांच्या दगडांवरून खाली उतरले. उतरताना साखळी माझ्या हातात दिली.

खालून हाक आली, "पाव्हणं, ओढा!" त्यांनी तिच्या डोळ्यांवर पोतं बांधलं होतं, पाय उपरण्यानं आवळले होते. मी ओढत होतो. तळहात सोलून निघाले, कमरेत उसण भरली, आणि खालून सारखी हाक, "ओढा! पाव्हणं, ओढा!" आणि मी सारखा ओरडत होतो, "आहे, दाजी, मी आहे!" पत्रा वर आला तेव्हा रक्तासाठी केलेल्या भोकातून पाणी गळत होतं. मादीला जमिनीवर घेतलं, पाय सोडले, पोतं काढलं. ती उठली, थरथरली, माझ्या मांडीवर एक सणसणीत लाथ घातली आणि थेट दाजींच्या हरभऱ्यात शिरली. मी विहिरीत वाकून ही बातमी सांगितली. "घ्या!" दाजी खालून म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "माझा गुडघा धरलाय. मला बी ओढा." हरणासाठी केलेल्या पत्र्यावर उकिडवे बसून माझे साडू वर आले. आम्ही दोघं चाकाला टेकून बसलो, भिजलेले, दमलेले. अक्कानं चहा आणला. दाजींनी माझे हात उलटे करून बघितले आणि बाम आणायला उठले, ते गुडघ्यामुळं पुन्हा बसले.

तो गुडघा पुढं सुधारलाच नाही. गेल्या दसऱ्यानंतर त्यांचा मुलगा दाजी आणि अक्का दोघांनाही पुण्याला घेऊन गेला. जाताना दाजींनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "बॅटरी उतरती. आठ दिसाला एकदा चालू करत जावा." शेत वाट्यानं दिलंय, वाटेकरी दिवसा येतो आणि जातो. मी दर रविवारी जातो. त्या सलूनच्या खुर्चीत बसलो की माझे पाय क्लचला पुरत नाहीत. ती त्यांच्या मापाची आहे. टोकावर सरकून कसाबसा बसतो, गाडी चालू करतो आणि मोबाइल इंजिनापाशी धरतो. दाजी पुण्याहून ऐकतात, सायलेन्सरचं पोतं वाळलंय का ते विचारतात. मी भिजवतो. आता ते बघत नाहीत, ऐकतात फक्त, आणि काम मी करतो. तीस वर्षं ज्याचा कंटाळा केला ते बघून जायचं बोलावणं आता कुठूनच येत नाही, आणि मला त्याची फार आठवण येते.

परवाच्या रविवारी गाडी चालू केली तर हरभऱ्यात दहा-बारा हरणं होती. मी फोनवर सांगितलं. म्हटलं, "दाजी, गाडी चालूच आहे. जाऊन हाकलू का?"

पलीकडं पुण्याची रहदारी ऐकू येत होती.

"नका," दाजी म्हणाले. "एकट्यानं जाऊ नका. मी येतो संक्रांतीला, मग जाऊ."

मी गाडी बंद केली आणि हरणं खात होती तिकडं बघत तसाच बसून राहिलो.